सँडर लावण्याआधी: वाड्यातून आलेलं कपाट आणि आरामखुर्ची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात पेठेतला एक वाडा पाडण्याआधी रिकामा होत होता, तिथून तुम्ही एक दुदारी कपाट आणि एक मोडकी आरामखुर्ची अगदी स्वस्तात उचललीत. कपाटावर हिरव्या ऑइलपेंटचे थर आहेत, मागच्या फळ्या खालून पोखरल्या आहेत, एक ड्रॉवर अडकतो. खुर्चीचा वेत फाटलाय, एक हात हलतो, आणि विकणाऱ्याने ती ‘शिसवी’ म्हणून दिली. ओळखीचे सुतार म्हणतात, सँडर (घासायचं यंत्र) मारून मेलामाइन (कृत्रिम पॉलिश) करू, आठवड्यात नवं होईल. खुर्ची पुढे अमेरिकेतल्या बहिणीला पाठवायची आहे. हे कसं करावं, आणि असं आणखी सामान कुठे मिळेल?

आधी सुतारांना थांबवा. बाकीचं सगळं सावकाश करता येईल.

त्यांचा हेतू चांगला आहे. कपाट नवं असतं तर सल्लाही बरोबर ठरला असता. पण जुन्या सागाचा तो गडद सोनेरी रंग लाकडाच्या अगदी वरच्या पापुद्र्यात असतो. कित्येक वर्षांची हवा, उजेड, हातांचा स्पर्श आणि लाखेचं पॉलिश मिळून तो तयार झालेला असतो. सँडर हा पापुद्रा काही मिनिटांत उडवतो आणि खाली फिकट साग उघडा पडतो. कडांची झीज, हाताने मारलेल्या रंध्याच्या हलक्या लाटा, कोरीव पट्टीच्या धारा, सगळं एका पातळीत येतं. त्यानंतर स्टेन लावून जुनेपणाचा भास आणता येतो, पण तो भासच राहतो.

मेलामाइनची अडचण वेगळी. ते वाळताना त्याची रासायनिक जाळी होते आणि ती पुन्हा विरघळत नाही. पाच वर्षांनी एक ओरखडा आला की तेवढाच बुजवता येत नाही, सगळा पृष्ठभाग खरवडावा लागतो, म्हणजे पुन्हा सँडर. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं. पॉलिशचा नवा हात जुन्यात मिसळतो, म्हणून ओरखडा आला तर तेवढ्याच जागेवर दुरुस्ती होते. माझ्याकडे येणाऱ्या सामानात नुसत्या दुर्लक्षामुळे वाया गेलेलं फार कमी असतं. धूळ, रंग, मोडलेला पाय, फाटलेला वेत या सगळ्यातून जुनं फर्निचर परत येतं. जे येत नाही ते बहुतेक वेळा घाईने ‘नवं’ केलेलं असतं.

आता कामाला लागू. दोन्ही वस्तू थेट घरात नेऊ नका. पोखरलेल्या फळ्यांत अजून काही जिवंत आहे का, हे आधी कळायला हवं. मातीच्या वाळक्या वाटा दिसत असतील तर ती जमिनीतून येणारी वाळवी. तिला जमिनीतला ओलावा आणि वारूळ लागतं, त्यामुळे वाड्याच्या भिंतीपासून कपाट सुटलं की त्यातली वाळवी फार दिवस तगत नाही. बारीक गोल भोकं आणि त्यातून मैद्याइतकी मऊ भुकटी पडत असेल तर भुंगेऱ्याची अळी आहे, आणि ती लाकडाच्या आत खुशाल राहते. तिसरा प्रकार कोरड्या लाकडातल्या वाळवीचा, कोकणपट्टीत जास्त आढळतो. तिच्या भोकाखाली खसखशीसारखे टणक दाणे पडतात. ओळखायची सोपी पद्धत अशी: सगळी भोकं ब्रशने साफ करा, कपाटाखाली काळा कागद पसरा आणि तीन-चार आठवडे बघा. कागद स्वच्छ राहिला तर जुनी जखम आहे, घाबरायचं कारण नाही.

ताजी भुकटी पडली तर बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स यांचं पाण्यातलं द्रावण उपयोगी पडतं. प्रमाण एकास दीड, दोन्ही मिळून पाण्याच्या पाच-सहा टक्के. हे फक्त उघड्या लाकडात मुरतं, म्हणून पाठीमागून, तळातून, ड्रॉवरच्या खालून लावा. पॉलिश असलेल्या बाजूला लावलं तर आत जाणार नाहीच, उलट लाख पांढरी पडेल. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सागाचा गाभा कीड सहसा खात नाही, त्यात तिला नकोशी द्रव्यं असतात. खाल्लं जातं ते कडेचं फिकट, पांढुरकं लाकूड. तुमच्या मागच्या फळ्या तशाच कडेच्या असण्याची शक्यता खूप आहे. म्हणून मागचा भाग पाहून पुढच्या चौकटीबद्दल धीर सोडू नका. चौकटीत पातळ स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, टणक लागेल.

हे चालू असताना कपाट नीट वाचून घ्या. ड्रॉवर बाहेर काढा, उलटे करा, टॉर्च लावा. पुढच्या कोपऱ्यांतले डव्हटेलचे, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या पंख्याच्या आकाराच्या सांध्याचे, दात एकसारखे नसतील, आखणीच्या रेघा दिसत असतील, तर ते हाताने कापलेले आहेत. न रंधलेल्या आतल्या बाजूला करवतीचे चरे सरळ पण कमी-जास्त असतील तर आराकशांनी कापलेली फळी. कमानीसारखे वळलेले चरे असतील तर यंत्राची गोल करवत. स्क्रू काढून पाहा. 19व्या शतकाच्या मध्यापर्यंत लाकडात बसवायच्या स्क्रूला टोक नसायचं. चार पाकळ्यांच्या खाचेचा स्क्रू 1930च्या दशकानंतरचा, आणि आपल्याकडे त्याहून बराच उशिरा रुळलेला. तो एखाद्याच बिजागरीत असेल तर मागची दुरुस्ती समजा, सगळीकडे असेल तर कपाटाचं वय कमी करा. कातीव पाय कॅलिपरने दोन दिशांनी मोजा. लाकूड एका दिशेने जास्त आटतं, त्यामुळे फार जुना गोल पाय किंचित लंबगोल झालेला असतो. हे नक्कल करणाऱ्याला सहसा सुचत नाही.

पाठीमागे रंगवलेला आकडा, कागदाची चिठ्ठी, सुताराने पेन्सिलने लिहिलेली खूण असेल तर तिला हात लावू नका. कचेऱ्यांतून, रेल्वेतून बाहेर पडलेल्या सामानावर असे आकडे हमखास असतात, आणि वस्तू कुठून आली याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो. काम सुरू करण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो घ्या.

खुर्ची शिसवी आहे का, हेही आत्ताच ठरवा, कारण पाठवण्याचा सगळा प्रश्न त्यावर अवलंबून आहे. शिसव सागापेक्षा स्पष्ट जड असतं: एका घनमीटरला साग साधारण 650 किलो भरतो, शिसव 850च्या आसपास. पण मोडक्या खुर्चीचं वजन हातात घेऊन अंदाज फसतो. बैठकीच्या चौकटीखाली, पॉलिश नसलेल्या जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला पांढरा कापूस घासा. शिसवातला रंग स्पिरिटमध्ये उतरतो आणि कापसावर जांभळट तपकिरी डाग येतो. जांभळट छटा नसेल, नुसता तपकिरी चिकटा येत असेल, तर ती पॉलिशची लाख आहे. आणखी आतली जागा शोधा. तिथे पटाशीने केसभर ढलपी काढली तर शिसवाचा ताजा काप जांभळा दिसतो आणि गोडसर वास येतो. सागाचा वास कातड्याच्या जवळचा, आणि बोटाला तेलकट लागतो. आपल्याकडे काळपट पॉलिश केलेल्या सागालाही ‘शिसवी’ म्हणून विकण्याची पद्धत फार जुनी आहे. तुमची खुर्ची साग निघाली तर वाईट वाटून घेऊ नका. आरामखुर्चीला साग उत्तमच, आणि पुढची कागदपत्रं खूप सोपी होतात. शिसव निघालं तर घासताना मास्क लावा, त्याच्या भुशाने कित्येकांना त्वचेचा आणि श्वासाचा त्रास होतो.

हिरवा रंग. याबाबतीत माझा आग्रह आहे, कारण घरात मुलं असतील तर हा प्रश्न फक्त फर्निचरचा राहत नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) कडक मर्यादा 2016च्या नियमांनी आली आणि नोव्हेंबर 2017पासून लागू झाली. म्हणजे तुमच्या कपाटावरचा रंग त्याआधीचा, बहुधा कित्येक दशकं आधीचा. तो कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर होते आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याने कायमचं नुकसान पोचू शकतं. सँडरला नाही म्हणायचं हे दुसरं कारण, आणि पहिल्यापेक्षा मोठं. हीट गनही नको. जास्त तापवलं की शिसं धुरातून नाकात जातं.

पेंट रिमूव्हर वापरा, पण डबा वाचून घ्या. त्यावर मेथिलीन क्लोराइड लिहिलं असेल तर काम उघड्यावरच करा. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत, आणि साधे रबरी हातमोजे त्याच्यापुढे टिकत नाहीत. हळू काम करणारे, कमी उग्र रिमूव्हर मिळतात. वेळ लागला तरी मी तेच सुचवेन. एका वेळी एकच फळी घ्या, रिमूव्हर जाड थापा, प्लास्टिक पांघरा, रंग सुरकुतला की बोथट धारेच्या प्लास्टिक पट्टीने लाकडाच्या रेषेच्या दिशेने ओढा. कोपऱ्यांत बांबूची तासलेली काडी आणि जुना टूथब्रश. निघालेला चोथा कागदात गुंडाळून पिशवीत बांधा, मोरीत धुऊ नका. तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे: असे रंग बहुतेक वेळा जुन्या लाखेच्या पॉलिशवरच चढवलेले असतात, म्हणून रंग लाकडाच्या छिद्रांत शिरलेला नसतो. जिथे रंगाला भेगा आहेत तिथून स्पिरिट आत सोडलं तर खालची लाख मऊ होते आणि रंगाचे तुकडे अख्खे सुटतात. लाख जाईल, तिला इलाज नाही. लाकडाचा जुना रंग मात्र राहील.

कॉस्टिक सोड्याने धुऊन देतो, असं कोणी म्हणेल. जुन्या सामानाच्या धंद्यात ती सर्रास पद्धत आहे, स्वस्त आणि झटपट. पण कॉस्टिकने साग काळवंडतो, रेषा उठून खरखरीत होतात आणि सांध्यांतला जुना सरस सुटतो. कोरीव कामात राहिलेलं कॉस्टिक पुढे महिनोन्‌महिने नवं पॉलिश खात बसतं.

कपाटाच्या आतला रंग मात्र काढू नका. सुटत असलेला भाग ओल्या फडक्याने पुसून, ओला ठेवूनच बारीक पॉलिश पेपरने कडा बसवा आणि वरून लाखेचा एक हात देऊन तो बंद करा. आतला हिरवा रंग त्या घरातल्या कुणीतरी, कधीतरी स्वयंपाकघरासाठी नाहीतर देवघरासाठी निवडलेला आहे. तो राहिला तर कपाटाचा इतिहास राहतो, आणि तुमचे कष्ट निम्मे होतात.

लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग दिसतील. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) यांच्या संयोगाने ते होतात, घासून जात नाहीत. ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅमच्या आसपास, ब्रशने फक्त डागावर लावा, वाळू द्या, मग साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसा. ते विषारी आहे. हातमोजे घाला आणि वाळलेली पूड उडू देऊ नका. पितळी कड्या आणि कोयंडे घासायचे तर आधी काढून घ्या. चिंच लाकडावर लागली की त्याभोवती फिकट वर्तुळ उरतं. मी स्वतः पितळ लखलखीत करत नाही. मळ काढतो, खोलगट भागातला काळेपणा ठेवतो.

आता सांधे, आणि इथे मला थोडं थांबायचंय.

फेव्हिकॉल 1959 साली आला. त्याआधी सुतार सरस वापरत: जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, पाण्यात फुगवून मंद आचेवर पातळ केलेला गोंद. सरसाचा मोठा गुण असा की ऊब आणि ओलावा दिला की तो सुटतो. म्हणजे जुना सांधा न मोडता उघडता येतो आणि पुन्हा जोडता येतो. तुमच्या खुर्चीचा हलणारा हात हे दुखणं नाही, सरस सुकून भुसभुशीत झाल्याची खूण आहे. त्या फटीत पांढरा फेव्हिकॉल ओतला तर तो जुन्या सरसावर नीट धरत नाही, काही महिन्यांत पुन्हा हलतो, आणि आता फटीत एक रबरी थर बसलेला असतो जो नव्या सरसालाही चिकटू देत नाही. खिळा किंवा लोखंडी एल-पट्टी त्याहून वाईट. सांधा हलत राहतो आणि खिळ्यापाशी लाकूड चिरतं.

आधी सांध्यातून आरपार लाकडी किंवा बांबूची खुंटी आहे का ते शोधा. जुन्या कामात ती बऱ्याचदा असते, पॉलिशखाली लहान गोल किंवा चौकोनी ठिपका दिसतो. असेल तर ती आधी मागून ठोकून काढायची. तशीच राहिली आणि तुम्ही खुर्चीचा हात ओढला तर कुसू, म्हणजे भोकात बसलेली लाकडी जीभच, तुटेल. मग गरम पाण्यात थोडा व्हिनेगर घालून इंजेक्शनच्या सिरिंजने फटीत सोडा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, लाकडी ठोकळा मधे धरून हलक्या हाताने ठोका. घाई केली नाही तर सांधा सुटतो. कुसूवरचा आणि भोकातला जुना सरस गरम फडक्याने पुसून काढा. पटाशीने खरवडू नका, लाकूड कमी होतं. कोरडा जोडून पाहा. ढिला असेल तर कुसूच्या दोन्ही गालांना त्याच लाकडाची पातळ ढलपी चिकटवून भरून घ्या.

सरसाचे दाणे रात्रभर थंड पाण्यात भिजवा, सकाळी भांड्यात भांडं ठेवून तापवा. साठ-पासष्ट अंशांच्या वर जाऊ देऊ नका. उकळला की त्याची ताकद जाते. सांधाही थोडा कोमट करून घ्या, नाहीतर सरस लावता लावता गोठतो. आरामखुर्चीच्या वळणदार अंगाला क्लॅम्प बसत नाही, तिथे सुती दोरीचे वेढे देऊन मधे काठी घालून पीळ द्यायचा. एक दिवस तसंच ठेवा. पुढच्या पिढीत कुणाला हा सांधा उघडायची वेळ आली तर त्यालाही तो असाच उघडता येईल.

कपाटाच्या दारांतली पॅनेलं चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असतात, कारण पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं आणि उन्हाळ्यात आटतं. ऑइलपेंटने किंवा कुणी मारलेल्या खिळ्यांनी ती जखडली की चिरतात. म्हणून चीर भरण्याआधी पॅनेल मोकळं झालंय ना बघा, आणि खाचेत गोंद कधीच घालू नका. अडकणाऱ्या ड्रॉवरला जुलै-ऑगस्टमध्ये रंधा मारू नका. फेब्रुवारीत तोच ड्रॉवर खुळखुळा होतो. आधी तळाच्या पट्ट्या झिजल्यात का पाहा, बहुतेक वेळा खरं कारण तेच असतं. झिजलेल्या जागी सागाची पट्टी बसवा आणि धावपट्टीवर मेणबत्ती घासा.

मागच्या फळ्या अख्ख्या बदलू नका. सडलेला तळ कापून तेवढाच तुकडा जोडा, आणि तोही जुन्या सागाचा. पाडलेल्या वाड्यांचे वासे आणि तुळया विकणारे व्यापारी पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केट भागात मिळतात. लाकूड वाळलेलं, रंगाने जुळणारं असतं. तिथे प्लायवुड मारलं तर दिसायला काही बिघडत नाही, पण पावसाळ्यात ते आणि साग वेगवेगळे हलतात.

पॉलिश. आपल्या लाखेबद्दल मला अभिमान आहे, तो इथे लपवत नाही. पळस, कुसुम, बोर या झाडांवर पोसणाऱ्या किड्याची ही राळ. झारखंडात तिचं मोठं उत्पादन होतं आणि रांचीजवळ नामकुमला तिच्यावर 1924 पासून संशोधन चालू आहे. विलायतेतल्या महागड्या फर्निचरवर जे फ्रेंच पॉलिश म्हणून ओळखलं गेलं, त्याचा कच्चा माल इथूनच जात होता. तयार बाटली घेऊ नका, कधी भरली ते कळत नाही, आणि जुनी झालेली विरघळलेली लाख नीट वाळत नाही, चिकट राहते. चपडा लाख, म्हणजे पातळ पापड्यांची, सुटी घ्या. एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे 200 ग्रॅम, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत. लोखंडी डब्यात ती काळी पडते. एक-दोन दिवस हलवत राहा, मग मलमलीतून गाळा.

पहिले दोन हात ब्रशने, पातळ. वाळल्यावर 320 नंबरच्या पेपरने नुसता हात फिरवल्यासारखं घासा, लाकडापर्यंत जायचं नाही. पुढचं काम पोच्याने: कापसाचा बोळा, त्यावर जुन्या धुतलेल्या मलमलीचं आवरण, आत लाख सोडायची, बाहेरून नाही. पोचा टेकवून थांबायचं नाही; चालता हात टेकवायचा, चालता उचलायचा. गोल, मग इंग्रजी आठासारखे, शेवटी रेषेच्या दिशेने. ओढायला लागला तर तळाला जवसाच्या तेलाचा एक थेंब. इथले पॉलिशवाले छिद्रं भरायला खडूची पूड वापरतात. काही वर्षांनी ती पांढरी होऊन वर दिसते, म्हणून कपाटाला मी छिद्रं भरतच नाही. सागाची उघडी रेषा सुंदर दिसते. पातळ पाच-सहा हात पुरे, आरशासारखी चकाकी या कपाटाला शोभणार नाही. हवा दमट असताना हे काम करू नका, पॉलिश दुधाळ होतं. पावसाळ्यात सांधे आणि रंगाचं काम उरका, पॉलिशला ऑक्टोबरनंतर हात घाला.

लाखेला मर्यादा आहे तीही सांगतो. गरम भांडं ठेवलं किंवा दारू सांडली की ती पांढरी पडते. जेवणाच्या टेबलाला मी ती लावत नाही, तिथे तेलाचं व्हार्निश बरं. कपाट, खुर्ची, पलंग यांना लाखच.

खुर्चीचा वेत. बैठकीच्या चौकटीला भोवती भोकं असतील तर तो हाताने विणलेला आहे. सलग खाच आणि त्यात दाबलेली पट्टी असेल तर तयार जाळीचा. भोकांच्या खुर्चीला खाच पाडून तयार जाळी बसवणारे भेटतील, त्यांना नको म्हणा. जुना वेत कापण्याआधी जवळून फोटो घ्या आणि भोकं मोजून ठेवा. वेताची जाडी भोकांमधल्या अंतरावरून ठरते. हे विणकाम करणारे कुशल दृष्टिहीन कारागीर अनेक शहरांत आहेत. त्यांच्या बोटांना ताण इतका नेमका कळतो की मी हे काम स्वतः करत नाही, त्यांच्याकडेच देतो. क्रम पाळा: आधी सांधे, मग पॉलिश, मग वेत. पुढे वेत सैल पडला तर खालच्या बाजूने गरम पाण्याचं फडकं फिरवा आणि रात्रभर बसू नका, तो पुन्हा ताठ होतो.

आणखी सामान कुठे शोधावं? पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट आणि जोगेश्वरी पश्चिमेचं ओशिवरा ही ठरलेली ठिकाणं. ओशिवऱ्यात जुन्याबरोबर नवं ‘जुनं’ही भरपूर असतं, जोधपूरकडे आंबा आणि शिसम (शिसवाचा उत्तरेकडचा भाऊबंद) वापरून अशा नकला मोठ्या प्रमाणावर होतात. नक्कल म्हणून त्या वाईट नाहीत, जुन्याच्या भावाने घेऊ नयेत इतकंच. खिशात टॉर्च आणि लोहचुंबक ठेवा. ‘पितळी’ कडीला चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. घाण, रंग, फाटका वेत यांच्यामुळे भाव पडतो, पण ते सगळं निघतं किंवा बदलतं. मी पैसे राखतो ते हरवलेल्या कोरीव भागासाठी आणि मोडलेल्या वळणदार पायासाठी. सगळे तुकडे हजर असलेली मोडकी वस्तू धडधाकट पण अपुऱ्या वस्तूपेक्षा केव्हाही चांगली.

इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या दिसल्या तर बैठक उलटी करून आतल्या कडेवर शिक्का किंवा कागदाचं लेबल शोधा. हा प्रकार मिखाएल थोनेटने 1859 साली आणला: वाफेने वाकवलेलं बीच, सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. त्याच्या नकला युरोपात अनेक कारखान्यांनी केल्या आणि त्या इथे आल्या. ढिली झाली तर बहुतेक वेळा स्क्रू आवळून भागतं. पण बीचला कीड पटकन लागते. काळ्या कागदाची परीक्षा तिच्यासाठी आधी.

देवळातले किंवा रथाचे कोरीव तुकडे कुणी स्वस्तात दाखवले तर कागदांशिवाय घेऊ नका. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तिकामाला 1972च्या पुरावशेष कायद्याखाली नोंदणी लागते, आणि असे तुकडे चोरीचे असू शकतात. हस्तिदंताची जडावाची पेटी किंवा खुर्ची असेल तर ती कितीही जुनी असो, विकत घेऊ नका. वन्यजीव कायद्यातल्या 1986 आणि 1991च्या दुरुस्त्यांनी देशी आणि आफ्रिकी दोन्ही हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आहे.

बहिणीच्या खुर्चीबद्दल शेवटी, कारण स्पिरिटच्या कापसाने जे सांगितलं असेल त्यावरच हे ठरतं. शंभर वर्षांहून जुनी पुरावशेष ठरणारी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे ती तशी नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावा लागेल. त्यासाठी स्क्रूचे, करवतीच्या चऱ्यांचे तुम्ही घेतलेले फोटो कामी येतील. खुर्ची सागाची असेल तर लाकडाच्या बाजूने अडचण नाही. शिसवाची असेल तर त्याचा जवळजवळ सगळा वंश 2 जानेवारी 2017 पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2019 पासून एका पाठवणीत त्या लाकडाचं वजन दहा किलोपर्यंत असलेल्या तयार वस्तूंना सूट आहे, पण लांब हातांची शिसवी आरामखुर्ची त्यात बसणं कठीण. मग परवाना लागतो. वेत काढलेला असतानाच ती तोलून घ्या. आणि माल पाठवणाऱ्याला कागदावर नुसतं ‘जुनं घरगुती सामान’ लिहू देऊ नका. लाकडाचं शास्त्रीय नाव, वजन आणि दाखल्याचा क्रमांक लिहून घ्या. हे नसेल तर खुर्ची बंदरात अडकून पडते, आणि ती तिथून सोडवून आणायचा खर्च तुम्ही ज्या भावात ती घेतलीत त्याच्या कित्येक पट होऊ शकतो.